टाळूवरच्या वळ्या

आमचे हे लोकांचे दात करतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडात बघतात, माप घेतात आणि त्या मापाचा प्लास्टरचा साचा आमच्या घरी पाठवून देतात. मग आमच्या मागच्या दोन खोल्यांत मेणाचा वास सुटतो, गुलाबी प्लास्टिक उकळत्या पाण्यात शिजतं आणि शेवटी एक कवळी तयार होते. ती डबीत बसून डॉक्टरांकडे परत जाते. ज्याच्या तोंडात ती बसते तो माणूस आम्हाला कधी दिसत नाही आणि त्यालाही आमचा पत्ता नसतो. या धंद्याचा रिवाजच आहे तसा, लॅबवाल्यानं पेशंटला भेटायचं नाही.

माणूस भेटत नाही म्हणून हे साच्यांनाच नावं ठेवतात. तसं नावं ठेवण्यात यांचा हात धरणारं कुणी नाही. एखादा जबडा पुढे आलेला असला की तो 'हवालदार', बारीक आणि चिडका दिसला की 'धाकटी जाऊ'. महिनाभर आम्ही त्यांच्याबद्दल असं बोलत असतो की नवीन माणसाला वाटावं, घरात पाहुणे उतरलेत.

आणि मग कधीतरी बाजारात, नाहीतर कुठल्यातरी रांगेत समोरचं कुणी हसतं आणि हे मला कोपरानं ढोसतात. "माझे," म्हणतात हळूच. एकदा बँकेत एका बाईंना यांनी तोंडावर सांगितलं, "तुमचं हसणं फार सुंदर आहे हो." शेजारी त्यांचे यजमान उभे होते. मी यांना बाही धरून अक्षरशः ओढत बाहेर आणलं. बाहेर आल्यावर म्हणतात कसे, "अगं, वरचे सहा माझे होते."

मी थट्टा करते, पण यांचं दुःख खोटं नाही. डॉक्टरांकडे आमची पत चांगली आहे. सामान देणारा दुकानदार पैसे न मागता महिनाभर थांबतो. पण पत वेगळी आणि पाठीवरची थाप वेगळी. एखाद्या माणसानं दारात यावं आणि म्हणावं की तुमच्यामुळे मी नीट जेवतो, एवढीच यांची भूक, आणि एवढ्या वर्षांत ती एकदाही भागली नाही. मुलगा म्हणतो, बाबांना क्रेडिट हवं असतं. हवं असायला माझी हरकत नाही. पण ज्याला ते मिळालं नाही त्यानं निदान दुसऱ्याचं तरी अडवून धरू नये. माझा राग आहे तो तिथे.

ते दुसरं माणूस म्हणजे आमची सून. औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून ती या घरात आली, आणि घरी बसवेना म्हणून मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला लागली. प्लास्टर कालवता कालवता साचे ओतायला शिकली, मग कानशीनं कवळी घासायला. तिच्या हातात काहीतरी आहे हे मला लवकर कळलं. यांनाही कळलं असणार, पण कबूल करायला यांची जीभ जड. शिवाय दोन कामांना हे कुणाला हात लावू देत नसत. एक म्हणजे दात बसवणं. मेणाच्या कमानीत एकेक दात तापलेल्या सुरीनं असा रोवायचा की खालचा वरच्याला बरोबर भेटला पाहिजे आणि चेहऱ्यालाही शोभला पाहिजे. दुसरं काम पॉलिश. यांच्या कवळीची टाळू आरशासारखी चकाकते, आणि ती चकाकी म्हणजे आपली सही, असं हे सगळ्यांना सांगत असतात. सूनबाईंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून शीक."

त्या पावसाळ्यात यांना ताप आला. सडकून आला, आठवडाभर अंथरुणात होते. एका डॉक्टरांचं काम घाईचं होतं, म्हणून सुनेनं न विचारता मेणात दात बसवले, कवळी पुरी केली आणि पाठवून दिली. हे बरे होऊन पहिल्यांदा टेबलाशी बसले त्याच दिवशी त्या डॉक्टरांचा फोन आला. फोन यांनी घेतला. डॉक्टर इतकं तोंड भरून बोलत होते की मला लांबून ऐकू येत होतं. हे म्हणाले, "हो, जरा मन लावून केली होती ती."

सून शेजारीच प्लास्टरचं भांडं घेऊन उभी होती. मी फोन खाली ठेवायचीही वाट पाहिली नाही. म्हटलं, "अहो, तुम्ही त्या आठवड्यात पेजेचा चमचा तरी धरला होता का हातात?" तर म्हणाले, "घरचंच आहे ना. तिनं काय, मी काय, एकच." भांड्यातलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं, सून ते खरवडत बसली.

पुढच्या सोमवारी भांडी पुसताना तिनं मला सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लॅब आहे. तिथून तिला बोलावणं आलं होतं.

"प्रत्येकाला स्वतःचं टेबल आहे, आई. आणि दात मीच बसवायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येणार आहे, तेव्हा काय ते सांगायचंय."

"पगार जास्त देतायत?"

"थोडा. पगाराचं नाही हो. मला माझं काम माझं म्हणायचंय. बाबांनी एकदा जरी म्हटलं असतं ना, की हे हिनं केलंय, तर मी कुठं जायचं नावसुद्धा काढलं नसतं."

मी तिला 'जाऊ नको' म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होते? पण ती गेली तर मागची खोली मुकी होईल, आणि यांच्याशी भांडायला मी एकटीच उरेन. आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती, कामासाठी नव्हे, मला ती आवडते म्हणून.

तो सगळा आठवडा 'बोलकी'चा होता. बोलकी म्हणजे एक साचा. टाळू खोल, जिभेला जागा ऐसपैस, म्हणून यांनी ते नाव ठेवलं होतं आणि ते चुकून खरं निघालं. डॉक्टरांकडून कळलं, हा साचा ज्यांचा त्या बाई बसस्थानकावर घोषणा करायच्या. कुठली बस कुठल्या फलाटावरून सुटणार ते दिवसभर माईकवरून सांगायचं, हीच त्यांची नोकरी. यांनी केलेली कवळी दोनदा परत आली होती, आता तिसऱ्यांदा आली. डॉक्टरांचा फोन मागोमाग होताच.

"उस्ताद, चावायला उत्तम आहे, दिसायला तर फारच छान," डॉक्टर म्हणाले. यांना ते उस्ताद म्हणतात. "पण 'स' म्हटलं की शिटी वाजते. आणि माईकवर तर कुकरच लावल्यासारखं वाटतं. पुढच्या सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचंय. आवाज नीट झाला नसेल तर त्यांच्या जागी रेकॉर्ड लावणार म्हणतात."

"त्यांच्या जिभेला सवय नाही," हे म्हणाले. "लागेल वळण."

"या वेळी नाही जमलं तर मला दुसरीकडे द्यावं लागेल. राग मानू नका."

फोन ठेवल्यावर यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांत 'दुसरीकडे देतो' असं त्या डॉक्टरांनी कधी म्हटलं नव्हतं. हे उठले, कवळी घेतली आणि पॉलिशच्या चाकाशी जाऊन बसले. पहिल्या दोन्ही वेळा यांनी हेच केलं होतं. यांचा हिशेब साधा होता. शिटी वाजते म्हणजे कुठेतरी खरखर राहिली असणार, म्हणून आणखी गुळगुळीत करायची.

सून दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, पॉलिश कमी करून बघू या का?"

यांनी चाक थांबवलं. "पॉलिश कमी? उद्या म्हणशील दात कमी करू या."

"प्रत्येक वेळी जास्त गुळगुळीत होतेय आणि प्रत्येक वेळी शिटी वाढतेय."

"माझ्या कवळीत ज्या दिवशी तोंड दिसणार नाही ना, त्या दिवशी मी हे चाक भंगारात घालीन," हे म्हणाले आणि चाक पुन्हा सुरू केलं. त्या आवाजात पुढचं बोलणं कुणाला ऐकू येणार?

बुधवारी सकाळी सून मला म्हणाली, "आई, जरा बाहेर येताय का माझ्याबरोबर?" तिच्या पिशवीत मेण होतं, छोटा स्पिरिटचा दिवा होता, पावडरचा डबा होता आणि बोलकीची डबी होती. मी विचारलं, पत्ता कुणी दिला? म्हणाली, "डॉक्टरांनीच. ते म्हणाले, माझी काही हरकत नाही, तुमच्या उस्तादांना तुम्ही सांभाळा." म्हणजे आम्ही दोघी धंद्याचा रिवाज मोडायला निघालो होतो. मला भीती वाटायला हवी होती, पण मजाच वाटली.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल, टेबलावर एक स्टीलचा पेला. बाई माझ्याच वयाच्या, अंगानं भरलेल्या. तोंडावर रुमाल धरून त्यांनी आम्हाला खुर्च्या दाखवल्या. सुनेनं डबी पुढे केली तेव्हा पाठ फिरवून कवळी बसवली आणि मग म्हणाल्या, "बसा ना." त्या दोन शब्दांत अशी शिटी वाजली की मी दचकलेच. बाई लाजून लाल झाल्या.

"ऐकलंत? त्या पेल्यात तोंड घालून सराव करते, म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकू येतो. काही फरक नाही. आता तर घरातसुद्धा बोलत नाही मी. नातू हसतो. त्याची चूक नाही, मलाही हसू आलं असतं."

सून काही गोड गोड बोलली नाही. तिनं कवळी मागून घेतली, कोरडी केली, टाळूवर पावडर भुरभुरली आणि बाईंना म्हणाली, "आता ही हळूच लावा, फक्त एकदा 'स' म्हणा आणि लगेच काढून द्या." बाईंनी तसं केलं. आम्ही तिघी त्या कवळीवर वाकलो. जीभ जिथे जिथे टेकली होती तिथली पावडर पुसली गेली होती, आणि ती जागा सरळ नव्हती. इकडे पसरलेली, तिकडे घसरलेली, ओल्या फरशीवर कुणी पाय सटकून पडावं तशी.

"बघा," सून म्हणाली, "तुमच्या जिभेला धरायलाच काही मिळत नाहीये. आई, तुम्ही जीभ लावून बघा वर, दातांच्या मागे. खरखरीत वळ्या लागतात ना?"

मी बघितलं. लागतात की. आयुष्यभर माझ्याच तोंडात होत्या आणि मला कधी कळल्या नव्हत्या.

"कवळीवरच्या त्या बाबांनी घासून घासून काढून टाकल्यात," ती म्हणाली. मग तिनं दिवा पेटवला, मेण मऊ केलं आणि पुढच्या दातांच्या मागे टाळूवर मेणाच्या बारीक नागमोडी रेघा चढवायला घेतल्या. एक चढवायची, बाईंना बोलायला लावायची, पावडर बघायची, थोडी खरवडायची. बाई कंटाळल्या नाहीत, मीच दोनदा उठून खिडकीतून बघून आले. तिसऱ्यांदा उठणार इतक्यात पाठीमागून आवाज आला.

"सव्वासहाची बस फलाट सातवरून सुटेल. प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं."

स्वच्छ. एवढ्या शब्दांत एक शिटी नाही. आणि काय आवाज होता तो. भरदार, ठाम, ऐकून माणसानं लगेच पिशव्या उचलाव्यात असा. बाई पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी सकाळपासूनचं सगळं वेळापत्रकच म्हणायला घेतलं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या.

"कुणी केली हो ही कवळी?" डोळे पुसत त्यांनी सुनेला विचारलं.

"लॅबनं," सून म्हणाली.

मला तिचाही राग आला. ज्याच्यासाठी घरची लॅब सोडायला निघाली होती ते समोर वाढून ठेवलं होतं, आणि ही म्हणते लॅबनं. जिन्यात मी तिला विचारलंच. तर म्हणाली, "मी स्वतः सांगून काय उपयोग, आई? आणि अजून मेणच आहे ते. प्लास्टिकमध्ये उतरलं पाहिजे."

घरी आलो तर हे मागच्या खोलीत वाटच बघत होते. मी आडवळणं न घेता सगळं सांगून टाकलं. सुनेनं कवळी यांच्या टेबलावर ठेवली. यांनी ती उचलली आणि उजेडात धरली. त्या आरशावर मेणाच्या वळवळत्या रेघा बघून यांचा हातच थांबला.

"हे काय? गांडुळं?"

"वळ्या आहेत," सून म्हणाली. "सगळ्यांच्या टाळूवर असतात त्या."

"मला शिकवू नकोस काय कुठे असतं ते. पेशंटला भेटलीस तू? एवढ्या वर्षांत मी कुणाच्या दारात गेलो नाही."

"गेला असतात तर कळलं असतं तुम्हाला," मी मध्ये म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "असला माल माझ्या हाताखालून बाहेर गेलेला नाही."

"मग माझ्या हाताखालून जाऊ दे," सून म्हणाली. "शिटी वाजली तर माझ्या नावावर. डॉक्टरांना मीच सांगेन तसं."

"आणि नाही वाजली तर?"

उत्तर मीच दिलं. म्हटलं, "तर तेही तिच्याच नावावर."

हे उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसले. पान काही उलटलं जाईना. मागे सुनेनं वळ्या प्लास्टिकमध्ये उतरवल्या, कवळी शिजवली, बाहेरून पॉलिश केली आणि टाळूला चाक लावलं नाही. टाळूवर चकाकीची सही नसलेली, त्या घरातून गेलेली ती पहिली कवळी. शुक्रवारी ती डॉक्टरांकडे पोचली.

शनिवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. नेमका यांनीच उचलला. मी हातातलं काम टाकून दारात आले. सून कानशी हातात धरून तशीच बसून राहिली. हे म्हणाले, "हो." मग पुन्हा "हो." मग "बरं." आणि फोन ठेवून दिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"शिटी गेली म्हणे."

बस्स. आणखी एक अक्षर नाही. श्रेय घेतलं नाही हे खरं, पण दिलंही नाही. सुनेनं मान खाली घातली. थोड्या वेळानं तिनं आपलं टेबल पुसायला घेतलं. कोपरे, खण, सगळं. मग आपली सुरी, कानशी, छोटा दिवा एका डब्यात भरला आणि डब्याला झाकण लावलं. ते झाकण लागताना मी पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. संध्याकाळच्या फोनवर ती काय सांगणार हे आता विचारायला नको होतं.

दुपारी चहा टाकला होता तेव्हा दारावर कुणीतरी थाप मारली. हे उघडायला गेले. दारात घोषणेच्या बाई उभ्या होत्या. आमच्या दारात आलेला तो पहिला पेशंट. यांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण बाई नुसत्या हसल्या आणि यांनी ओळखलं. "बोलकी," हे पुटपुटले.

"डॉक्टरांकडून पत्ता घेतला," बाई म्हणाल्या. "मला कवळी करणाऱ्यांना भेटायचंय. सोमवारी कामावर जातेय मी. म्हटलं, आधी तोंडानं सांगून यावं."

यांचा हात आपोआप केसांवरून फिरला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, सून मागच्या खोलीच्या दारात. मला यांची भूक माहीत होती. मी ती वर्षानुवर्षं बघितली होती. ती भागवणारं माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं आणि यांच्याकडेच बघत होतं. नुसतं 'बसा' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मनात म्हणत होते, घेतलं तर घेतलं, पण मग मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

"एकदा म्हणा बरं," हे म्हणाले.

"काय म्हणू?"

"रोज म्हणता ते."

बाईंनी घसा साफ केला आणि सव्वासहाची बस सातव्या फलाटावरून सोडली. हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आणखी एक." बाईंनी आणखी एक बस सोडली.

यांनी डोळे उघडले. "तुमच्याकडे तीन वेळा शिटीची कवळी आली ना, ती माझी. दर वेळी परत आली आणि दर वेळी मीच आणखी बिघडवली. ही," मागे न बघता यांनी हात केला, "ही सुनेनं दुरुस्त केली. मी नको म्हणत होतो. मला वाटत होतं, मला कळतं."

चहा उतू गेला. मी तो जाऊ दिला.

सूनबाई दोन पावलं पुढे आली. एरवी सासऱ्याला न घाबरता उत्तर देणारी ही मुलगी, पण आता तिची दातखीळ बसली होती. शेवटी कशीबशी म्हणाली, "दात बाबांनीच बसवलेत. मी फक्त टाळूचं केलं."

"दात छानच आहेत," बाई म्हणाल्या. "पण गप्प बसून छान दिसण्याची नोकरी नाही हो माझी." त्यांनी सुनेचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग मी दुसरा चहा टाकला. बाई भरपूर बोलल्या, सगळ्या 'स'सकट.

त्या गेल्यावर मी मागे गेले. हे चाकाशी बसले होते. चाक बंद होतं.

"बोललात एकदाचे," मी म्हटलं.

"खोटं थोडंच बोलणार होतो?"

"फोनवर बोलला होतात की, तापातून उठल्यावर."

यांनी मान हलवली. "तेव्हा माणूस समोर नव्हतं. आज त्या बाईंच्या तोंडातून आवाज ऐकला आणि 'मी केलं' म्हणायला तोंडच उघडेना." मग चाकावरून हात फिरवत म्हणाले, "मला वाटायचं, कुणीतरी आलं की बरं वाटेल. वाटलं गं. सुनेसाठी आलं होतं तरी वाटलं."

लग्न झाल्यापासून या माणसाचा मला इतका राग आलेला आहे की त्याची मोजदाद नाही. त्या वेळी मात्र मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तो लपवला नाही, यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

मग हे उठले. मांडणीवरून सकाळीच आलेला एक नवा साचा काढला, दातांचा ट्रे काढला आणि दोन्ही सुनेच्या पुसून लख्ख केलेल्या टेबलावर नेऊन ठेवले. "सगळी तूच कर," म्हणाले. "मेणापासून शेवटपर्यंत. मला दाखवायची गरज नाही. वाटलं तर दाखव."

सून साच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं डब्याचं झाकण काढलं, दिवा पेटवला आणि सुरी तापवायला धरली.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिचे पुढचे दोन दात बसले होते आणि तिसरा बोटांत होता. मेण मऊ असताना हात सोडता येत नाही. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तेवढा फोन घ्या."

यांनी घेतला. ऐकलं. यांची पाठ जरा ताठ झाली आणि मला कळलं, कुणाचा आहे ते; त्या मोठ्या लॅबचं यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

"त्या कामात आहेत," हे म्हणाले. "दात बसवतायत... नाही, मध्येच नाही उठता येणार... मी? मी यांच्याकडे पॉलिशला असतो."

माझ्या हातातला कप हातातच राहिला. यांनी फोनवर तळहात ठेवला आणि तिच्याकडे वळले. "विचारतायत, सोमवारपासून येणार का म्हणून." आवाज सहज ठेवला होता, पण तळहात फोनवर घट्ट दाबलेला होता.

सुनेनं तिसरा दात मेणात टेकवला, सुरीच्या टोकानं किंचित आत लोटला आणि डोळा बारीक करून बघितला.

"नाही म्हणा."

यांनी तळहात काढला. "आमच्या बाई नाही म्हणतायत," हे म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसले आणि तिला दिसावं म्हणून टेबलावरचा विजेचा दिवा जरा अलीकडे सरकवला.